सैनिकी अकादमीचं शिक्षण : वर्दी उतरल्यावर माणसात काय उरतं?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

सेलू-मानवत भागातल्या पालकांचे मला अधूनमधून फोन येतात. ‘पोराला एसपीआयला टाकायचंय, काय करावं लागतं?’ वय, फॉर्म, पेपर हे सगळं सांगून होतं. मग बऱ्याचदा फोन आईच्या हातात जातो आणि मनातला प्रश्न येतो : ‘तिथं जाऊन पोरगं चांगला माणूस व्हतंय का हो?’ याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मी स्वतः याच वाटेने गेलो. आता निवृत्त होऊन परभणी जिल्ह्यात शेती बघतो. ज्यांना ही वाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे एसपीआय, राज्य शासनाने १९७७ साली सुरू केली. सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातली मुलं वाढावीत हा हेतू. दहावीनंतर प्रवेश, आणि अकरावी-बारावी करता करता एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी. पुढे यूपीएससीची ९०० गुणांची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची पारख, तीही ९०० गुणांची, मग मेडिकल. त्यातून निघालेला मुलगा खडकवासल्याला तीन वर्षं, म्हणजे सहा टर्म काढतो. त्यानंतर लष्करवाले डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीत, नौदलवाले एझिमलाला, हवाई दलवाले दुंडिगलला.

बाहेरच्या लोकांना वाटतं, तिथं रोज देशभक्तीची व्याख्यानं होत असतील. त्या विषयावर कुणी तास घेतल्याचं मला आठवत नाही. मला आठवते ती सायकल. पहिल्या टर्मपासून मेस, क्लास, पीटी, ड्रिल, सगळीकडे सायकलवर जायचं, आणि तेही रांगेत, सगळ्यांनी मिळून. एकाची साखळी उतरली तर बाकीच्यांनी पुढे निघून जायचं नाही. थांबायचं, आणि पोचायला उशीर झाला म्हणून सगळ्यांनी रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा, खायचा. ज्याची सायकल बिघडली त्याला वेगळी शिक्षा नाही, ज्याची धड होती त्याला वेगळी माफी नाही. सतराव्या वर्षी हे फार अन्यायाचं वाटतं. आपली चूक नसताना आपण फ्रंट रोल का मारायचे? पण थोडे दिवस गेले की निघायच्या आधी पोरं आपोआप एकमेकांच्या चाकातली हवा चाचपायला लागतात. कुणी सांगत नाही. ज्याला इंग्रजी जमत नाही त्याच्याजवळ रात्री इंग्रजीवाला बसतो, ज्याला गणित येत नाही त्याच्याजवळ गणितवाला. मी मराठी माध्यमातला. माझं पहिलं वर्ष कोर्समेटांच्या, म्हणजे बरोबर आत आलेल्या पोरांच्या जिवावर निघालं. आणि पोहणं! आमच्या गावच्या विहिरीला दिवाळीनंतर पाणी नसायचं, त्यामुळे पाण्यात पडायचीच धास्ती. केरळच्या एका पोराने रविवारची लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची सुट्टी, सोडून मला तरंगायला शिकवलं.

दुसरी गोष्ट खोटेपणाची. धावताना मागे पडलात, ड्रिलमध्ये हात चुकला, बूट चमकले नाहीत, तर ते घामाने फिटतं. परीक्षेत नक्कल केली किंवा खोटं बोलून सुटायला बघितलं की मामला वेगळा. एक टर्म मागे टाकण्यापासून थेट घरी पाठवण्यापर्यंत जातो. चूक कबूल केली तर शिक्षा होते, लपवली तर पत जाते, हा फरक त्या वयात अंगात मुरला की पुढे नोकरीत, व्यवहारात, घरात सगळीकडे दिसतो.

तिसरी गोष्ट आयएमएची. तिथलं चेटवुडांचं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरसेनापतींचं, वचन प्रत्येक कॅडेटला पाठ असतं. १९३२ साली अकादमीच्या उद्घाटनात ते बोलले होते, त्याचा आशय असा : देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण सगळ्यात आधी, त्यानंतर तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान आणि त्यांचं सुख, तुमचा स्वतःचा आराम आणि जीव सगळ्यात शेवटी, प्रत्येक वेळी. पाठ कुणीही करेल. पण आधीची तीन वर्षं सायकलीपाशी थांबून काढलेली असतात, म्हणून ते वचन नुसतं भिंतीवर राहत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवत असेल. आमच्याकडेही त्या वर्षी गावंच्या गावं टँकरवर. शेजारच्या गावात एक निवृत्त कर्नल राहतात. टँकर विहिरीत ओतला की पोहऱ्यांची झुंबड उडायची. तरण्याताठ्या घरात पाणी जायचं, एकट्या म्हातारीच्या घरात नाही. कर्नलांनी दोन संध्याकाळी गावभर फिरून घरटी यादी केली. एकट्या राहणाऱ्या बाया, बाळंतिणी, आजारी माणसं वर. मग जास्त जनावरांची घरं. मग बाकीचे. सरपंचांचं नाव शेवटून दुसरं, आणि सगळ्यात शेवटी त्यांचं स्वतःचं. यादी मारुतीच्या देवळाच्या भिंतीला चिकटवली. सरपंच तावातावाने भांडायला आले, खालची ओळ वाचली आणि काही न बोलता परत गेले. त्या उन्हाळ्यात पाणी यादीप्रमाणे वाटलं गेलं. कर्नलांच्या घराला पाणी पुरलं नाही तेव्हा काकूंनी मळ्यातून आणलं, पण यादी बदलली नाही.

वर्दी उतरून त्यांना बरीच वर्षं झाली होती. मला वाटतं अकादमीतून आयुष्यभर पुरतं ते हेच : आपला नंबर शेवटी लावायची सवय. चालणं, बोलणं, मिशी, सकाळी पाचला उठणं हे बघणाऱ्याला आधी दिसतं, पण त्यातलं बरंचसं वयाबरोबर सुटतं.

तुमच्या पाहण्यातली माणसं कशी आहेत? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

---

मांजराथडी

राम राम. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला मी शाळकरी होतो. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडची माळवदाची घरं, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर हातभर मातीचा थर. भिंत सरकली की वरचं सगळं माणसाच्या अंगावर. नंतर पाऊसही लागला. मामाचं गाव त्यातच होतं, म्हणून वडील मला घेऊन गेले होते.

फौज आली तेव्हा त्यांच्यात एक अगदी कोवळा अधिकारी होता, नुकतंच मिसरूड फुटलेलं. हिंदी बोलायचा, मराठी येत नव्हती. ढिगाऱ्यातून माणूस काढला की त्याला लगेच उचलून न्यायचे नाहीत. तो आधी आजूबाजूच्या लोकांना विचारायचा, ‘ये कौन हैं?’ वडिलांनी नाव सांगितलं की एक जवान शाळेच्या वहीत लिहून घ्यायचा, मग नमस्कार करून उचलायचे. सामुदायिक चिता पेटत होत्या, घाई सगळ्यांनाच होती, कुणी विचारलं नसतं तरी कुणी बोललं नसतं. रात्री खिचडी वाटली तेव्हा आधी गावकरी, मग जवान, आणि तो पोरगा सगळ्यात मागे टोप खरवडत होता.

आमच्या घरात पुढे दोन माणसं फौजेत गेली, त्याचं कारण ती वही आहे. तो कुठल्या अकादमीतून आला होता ते आम्हाला कुठून कळणार! पण आपला नंबर शेवटी, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तोच डोळ्यासमोर आला.

---

खडूफळा

दुधनाकाठ, मनापासून लिहिलं आहे. मी माध्यमिक शाळेत आयुष्य घालवलेला माणूस, म्हणून एक शंका विचारतो. अकादमी माणूस घडवते की निवडते? लाखो मुलं परीक्षेला बसतात, त्यातली काहीशेच आत जातात. पाच दिवस मानसशास्त्रज्ञ आणि अनुभवी अधिकारी त्यांना पारखून घेतात. जबाबदारी घेणारी, पुढे होणारी मुलं आधीच वेचलेली असतात. अशी मुलं इंजिनिअरिंगला गेली असती तरी टँकरची यादी त्यांनी तशीच केली असती, असं का म्हणू नये?

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी एनडीएत गेला. तो पाचवीतसुद्धा दुसऱ्याचा मार आपल्या अंगावर घ्यायचा. त्याचं श्रेय खडकवासल्याला द्यायचं की त्याच्या आईला, जिने उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहून त्याला वाढवलं?

---

दुधनाकाठ

सर, प्रश्न बरोबर आहे आणि आईचं श्रेय कुणीच काढून घेऊ शकत नाही. पण एसएसबीत तयार माणूस शोधत नाहीत, घडू शकेल असा मुलगा शोधतात. माझ्याच स्क्वॉड्रनमध्ये आलेली पोरं सांगतो. एक घरचा लाडोबा, ताटातलं उचलून ठेवायची सवय नाही. एक हुशार पण कमालीचा आपमतलबी. तीन वर्षांनी पहिला दुसऱ्याच्या कॅबिनची फरशी पुसत होता, कारण त्या दुसऱ्याला ताप होता आणि सकाळी तपासणी होती. आपमतलबी होता तो पुरता बदलला असं मी म्हणणार नाही. काही माणसं तशीच बाहेर पडतात. ज्यांच्यात बीज होतं त्यांना मात्र तिथे पाणी मिळालं.

अरुण खेत्रपालांचं उदाहरण घ्या. एनडीएतून निघालेल्या तिघांना परमवीर चक्र मिळालं, कॅप्टन सालारिया, सेकंड लेफ्टनंट खेत्रपाल आणि कॅप्टन मनोज पांडे, तिघांनाही मरणोत्तर. खेत्रपाल जून १९७१ मध्ये अधिकारी झाले आणि १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत गेले. वय २१. रणगाडा पेटला होता, सोडून द्यायचा हुकूम झाला होता, तरी तोफ चालते आहे म्हणून ते थांबले. सहा महिन्यांच्या नोकरीत माणूस काय शिकणार? जे होतं ते अकादमीतलं. आज एनडीएचं परेड मैदान त्यांच्या नावाने आहे.

---

खडूफळा

पण खेत्रपालांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फौज होती. वडील ब्रिगेडियर. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्या बाजूनेही उभं राहतं. तरीही ‘ज्यांच्यात बीज होतं त्यांना पाणी मिळालं’ हे मला पटतं. माझी खंत वेगळी आहे. हे पाणी काहीशे मुलांनाच का? एकाच्या चुकीची जबाबदारी सगळ्यांनी घ्यायची ही पद्धत जिल्हा परिषदेच्या शाळेत, मारहाण आणि रगडा वगळून, आणता येणार नाही का? मी एक वर्ष वर्गात जोड्या लावल्या होत्या : जोडीदाराचा गृहपाठ झाला नसेल तर दोघांनी मधल्या सुट्टीत बसून पूर्ण करायचा. पालकांनी तक्रारी केल्या, ‘आमच्या पोराची सुट्टी का जावी?’ मुलांची तक्रार नव्हती. त्या वर्षी नापास कुणी झालं नाही.

---

बालाघाटी_फौजी

साहेब, जयहिंद. मी पाटोद्याकडचा. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून लागलो, सुभेदार होऊन निघालो. तुमी वरून लिव्हलं, मी खालून लिहितो.

नवा लेफ्टनंट साहेब पलटणीत आला की आमाला आठ दिवसात कळतंय. काश्मिरात एका पोस्टवर असताना एक नवं साहेब आलं, पोरगंच म्हणा की. दिवसभर गस्त घालून आलो. बर्फातून चालून बूट भिजलेले. साहेबानं स्वतःचे बूट काढायच्या आधी समद्यांला बसवलं, मोजे काढायला लावले आन् बॅटरी घेऊन एकेकाचे पाय बघितले. बोटाच्या बेचक्यात हात घालून. माझ्या बापानं बी माझ्या पायाला तव्हा हात लावला नसता. एका पोराची बोटं पांढरी पडायला लागली व्हती, त्यो बोलतच नव्हता. साहेबानं त्याचे पाय आपल्या जॅकेटात घेऊन बसून ठिवले. त्या पोराची बोटं वाचली. मी विचारलं, ‘साहेब, हे कुटं शिकले?’ म्हणले, ‘सीखना क्या है, ड्यूटी है.’

दुसरे बी बघितले. इंग्रजी झकास, परेड झकास, पर जवानाची सुट्टी अडवून ठिवायची आन् आपली गाडी बाजाराला धाडायची. आकादमी त्याची बी तीच. म्हणून मास्तरचं बी खरं हाय आन् साहेबाचं बी खरं हाय. पर दहातले सात-आठ पहिल्यासारखे निघतेत, हे मी माझ्या नोकरीवरून सांगतो. एवढं तर कुठल्याच हापिसात निघत नाहीत.

एक इनंती हाय. संस्कार फकस्त अधिकाऱ्यालाच भेटतेत असं लिहू नका. बेळगावच्या सेंटरात आमाला शिकवणारे उस्ताद व्हते, ते चौथी शिकलेले. आमी जे झालोत ते त्यांनी केलं.

---

दुधनाकाठ

सुभेदार साहेब, जयहिंद. तुमची विनंती शंभर टक्के मान्य. नव्या अधिकाऱ्याला पहिली दोन वर्षं घडवतात ते पलटणीतले जेसीओ, म्हणजे तुमच्यासारखे सुभेदार, आणि उस्तादच. पायांच्या तपासणीचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचलं नाही.

---

छावणीतली_मी

मी एका निवृत्त अधिकाऱ्याची बायको. माहेर अंबाजोगाई. सगळे चांगलं लिहितायत आणि ते खरंही आहे. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कुणाचा पैसा खाल्ला नाही, दिलेली वेळ चुकवली नाही. मोलकरीण आजारी पडली तर तिला स्वतः दवाखान्यात नेऊन रांगेत उभा राहणारा माणूस आहे.

पण अकादमी आणखी एक गोष्ट शिकवते, तिच्याबद्दलही बोलायला हवं. तक्रार करायची नाही. दुखलं तर दात-ओठ खायचे. क्रॉस कंट्रीत घोटा सुजलेला असताना धावून आलो, हे आजही यांना अभिमानाने सांगावंसं वाटतं. एकोणिसाव्या वर्षी ठीक आहे. साठीत हे महागात पडतं. यांच्या छातीत दुखत होतं ते मला त्यांनी सांगितलंच नाही. भाजी आणायला गेले, पिशवी घेऊन जिना चढले, आणि वर येऊन घामाने थबथबून बसले. ‘थोडं दमल्यासारखं झालंय.’ मी ऐकलं नाही, रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. नंतर विचारलं तर उत्तर काय, ‘तू उगीच घाबरली असतीस.’

आपला नंबर शेवटी लावायची सवय चांगली आहे, पण ती घरात आणली की बायकोला आपोआप शेवटून दुसरा नंबर मिळतो. दुधनाकाठ, तुम्ही लिहिलंत की काकूंनी मळ्यातून पाणी आणलं. त्या काकूंना कुणी विचारलं होतं का? बदल्या, मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांची आजारपणं, हे सगळं त्या संस्काराच्या हिशेबात धरलं जात नाही. मी कडवटपणे लिहीत नाहीये. पुन्हा लग्न करायचं झालं तर याच माणसाशी करीन. पण जी मुलं आता जाणार आहेत, त्यांना कुणीतरी हेही शिकवावं की दुखतंय हे सांगणं म्हणजे माघार नव्हे.

---

दुधनाकाठ

ताई, काकूंना कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मूळ लेखात यायला हवं होतं. आमच्या पिढीत ‘रिपोर्ट सिक’ म्हणजे डॉक्टरकडे जाणारा कॅडेट कामचुकार समजला जायचा. दुखणं लपवून अपंगत्व ओढवून घेतलेले कोर्समेट मला माहीत आहेत.

---

पाचव्या_दिवशी

मी एसपीआयचा विद्यार्थी, एनडीएत नाही जाऊ शकलो. लेखी पास झालो, एसएसबीत पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर नावं वाचतात त्यात माझा छातीवरचा नंबर नव्हता. पुन्हा दिली, पुन्हा तेच. आता जालन्यात बियाण्यांचं दुकान आहे. धाग्यात सगळे यशस्वी झालेल्यांबद्दल बोलतायत म्हणून माझी बाजू लिहितो. जाणाऱ्यांपेक्षा परत येणारे जास्त असतात.

त्या दोन वर्षांनी मला बरंच दिलं. जालन्यात बियाण्याचा धंदा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मृगाच्या तोंडावर एखाद्या वाणाची टंचाई झाली की पिशवीमागे जादा पैसे घेणारे घेतात, शेतकरी निमूट देतो. माझ्या दुकानात छापील किमतीलाच मिळतं, आणि ओळखीच्या माणसाला मागच्या दाराने मिळत नाही. एका हंगामात नात्यातलेच एक जण त्यावरून रुसले, अजून बोलत नाहीत. मला वाटतं सोळा-सतराव्या वर्षी रांगेत उभं राहायला शिकलो नसतो तर मागचं दार मीही उघडलं असतं.

आणखी एक. छावणीतल्या ताईंनी दुखण्याचं लिहिलं त्यावरून. अकादम्यांमध्ये प्रशिक्षणात जायबंदी होऊन मेडिकल ग्राउंडवर बाहेर काढलेली मुलं आहेत, काही कायमची अंथरुणाला खिळलेली. ती अजून अधिकारी झालेली नसतात म्हणून त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नव्हता, पेन्शन नव्हतं, महिन्याला सानुग्रह रक्कम तेवढी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठे त्यांच्या उपचारांचा प्रश्न हलला. मागे पडलेल्यापाशी थांबायचं, हे ज्या व्यवस्थेने पोरांना शिकवलं, तिने स्वतःच्या पोरांसाठी थांबायला इतकी वर्षं घ्यायला नको होती. हे मी रागाने लिहितोय आणि तो राग आपुलकीचा आहे.

---

दुधनाकाठ

मित्रा, या मुलांबद्दल तू लिहिलंस त्यातल्या एकाही शब्दाला माझी हरकत नाही. माझ्या माहितीतल्या एका कॅडेटच्या आईने कित्येक वर्षं एकटीने त्याची कूस बदलली आहे. निवृत्त अधिकाऱ्यांच्या संघटनांनी हा विषय लावून धरला पाहिजे, आणि मी माझ्या कोर्सच्या गटात तो काढणार आहे.

आणि दुकानाचं. तू एनडीएत आला नाहीस तरी आमचाच कोर्समेट आहेस.

---

नांदेडची_लेक

मी बारावीत आहे, म्हणून आधी नमस्कार, लहान तोंडी मोठा घास होऊ नये. धाग्यात सगळीकडे ‘पोरगा’, ‘मुलगा’ असं आहे. २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली. २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली मुलांच्या बरोबरीने ‘अंतिम पग’, म्हणजे परेडच्या शेवटची पायरी, ओलांडून बाहेर पडल्या. मी ती परेड मोबाइलवर घरातल्या सगळ्यांना बसवून दाखवली. आजी म्हणाली, ‘यातली आपली कोणती?’

आमच्या नांदेड जिल्ह्याच्या मातीतले विवेक चौधरी एनडीएतून जाऊन हवाई दलप्रमुख झाले, २०२१ ते २०२४. मुलींसाठी आता नाशिकला शासनाची एसपीआयसारखी संस्था सुरू झाली आहे. तरी घरी वडील म्हणतात, पोलीस भरती दे, घराजवळ राहशील. मला दुधनाकाठ काकांना विचारायचंय : ज्या मूल्यांबद्दल तुम्ही लिहिता, ती आम्हा मुलींकडून लहानपणापासून सक्तीने करून घेतलेलीच असतात. सगळ्यांनी खाल्ल्यावर जेवायचं, दुखलं तर बोलायचं नाही. मग मुलीला अकादमी वेगळं काय देणार?

---

छावणीतली_मी

काकांच्या आधी मीच सांगते, बाळा. घरात शेवटी जेवते तिला निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. तिथे शेवटी जेवणाऱ्याच्याच हातात सगळ्या तुकडीचा निर्णय असतो. तो अधिकार घ्यायला जा. वडिलांशी बोलायला कुणी हवं असेल तर मला निरोप पाठव.

---

दुधनाकाठ

ताईंनी सांगितलं त्यापुढे मी काय सांगणार. एवढंच, की पोलीस भरती आणि एनडीए दोन्हींना पळावं लागतंच. आजच्या आज पळायला सुरुवात कर, वडिलांशी वाद नंतर.

---

फडातला_पोरगा

सगळ्यांचं वाचलं. मी केज तालुक्यातला. आमच्याकडे खरी गर्दी एनडीएची नाही, भरतीची आहे. तालुक्याच्या प्रत्येक रस्त्यावर ‘करिअर अकादमी’चा फलक. पत्र्याचं शेड, पोरं चटईवर, पहाटे डांबरी रस्त्यावर पळणं. फी भरायला आईबाप मुकादमाकडून वाढीव उचल घेतात. मी अशाच एका ठिकाणी वर्षभर होतो. पळायला शिकवलं, पोटात घालायला धड दिलं नाही. आणि मूल्यांचं म्हणाल तर भरतीच्या मैदानावर दुसऱ्याला कोपराने कसं मागे लोटायचं हे शिकवलं.

त्यात २०२२ पासून अग्निवीर. चार वर्षं, मग जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. प्रशिक्षण काही महिन्यांचं. दुधनाकाठ, तुम्हाला घडायला तीन अधिक एक वर्ष आणि मग पलटण मिळाली. माझा भाऊ अग्निवीर आहे. चार वर्षांत शेवटी एकमेकांशीच स्पर्धा असेल, कोण राहणार आणि कोण जाणार, तर तो दुसऱ्याच्या सायकलपाशी थांबेल का?

---

बालाघाटी_फौजी

पोरा, तुझा सवाल लई जड हाय. मी पलटणीतल्या जुन्या जोडीदारांना इचारलं. ते म्हणतेत, पोरं चांगलीच येतेत, जीव तोडून करतेत. पर मनात धाकधूक असते. तुझ्या भावाला सांग, पलटणीत नंबर लावणारे डोळे रोज बघत असतेत, आन् त्या डोळ्यांला जोडीदारासाठी थांबलेला आधी दिसतो. मी माझ्या वक्ताला तसंच बघायचो.

आन् चटईवरच्या आकादमीचं. बीड, धाराशिव, लातुरात हजारो रिटायर फौजी गावात बसून हायत. पोरं फुकट पळवायला आमाला कोण नको म्हणलंय? मी आमच्या गावात माळावर बारा-पंधरा पोरं-पोरी घेऊन पळवतो. फी नाही. अट एकच, सगळ्यात मागचं पोचल्याबिगर कुणी घरी जायचं नाही.

---

खडूफळा

सुभेदार साहेब, तुमच्या माळावर एकदा यायचंय. येताना गणिताचं पुस्तक घेऊन येतो. पळणं झाल्यावर तासभर द्या.

---

पूर्णेची_आई

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहिते, चुकलं तर समजून घ्या. मुलगा नववीला आहे, मराठी माध्यम, पूर्णा तालुक्यात. मिस्टर रेल्वेत कंत्राटी कामावर. मुलगा हुशार आहे पण बुजरा आहे, चार माणसांत बोलत नाही. त्याला एसपीआयला पाठवावं का? बुजऱ्या पोरांचं तिथं काय होतं? आणि तयारी काय करून घेऊ?

---

दुधनाकाठ

ताई, बुजरा आहे म्हणून थांबू नका. आमच्यात असे कितीतरी होते. त्याला जायचंय का, हे मात्र आधी त्याला एकट्याला बसवून विचारा. तुमच्यासाठी ‘हो’ म्हणत असेल तर पाठवू नका, तो तिथे टिकणार नाही.

त्याची इच्छा असेल तर अजून वर्ष हातात आहे. एसपीआयची जाहिरात दरवर्षी निघते, वयाच्या आणि शिक्षणाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. लेखी परीक्षेत गणिताला फार वजन आहे आणि पेपर इंग्रजीत असतो. म्हणून आठवी-नववी-दहावीची गणिताची पुस्तकं मराठीबरोबर इंग्रजीतूनही सोडवायला लावा, शब्द ओळखीचे होतील. रोज एखादी बातमी इंग्रजीतून मोठ्याने वाचू द्या, तुमच्यासमोर, चुकली तरी. नंतर मुलाखत असते. तिथे पाठ केलेलं बोलणारा लगेच ओळखू येतो, तेव्हा घरातल्या व्यवहाराबद्दल त्याचं मत विचारत जा आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. डोळे आत्ताच तपासून घ्या. चष्म्याच्या मर्यादा तिन्ही दलांच्या वेगवेगळ्या आहेत, पुढे मेडिकलमध्ये अडकण्यापेक्षा आज कळलेलं बरं. पळणं हळूहळू वाढवा. आणि पूर्णेला नदीला पाणी असेल तोवर, कुणीतरी जाणतं माणूस काठावर असताना, पोहायला शिकवा.

खडूफळा सर गणिताला मदत करतील असं त्यांच्या वतीने मीच सांगून टाकतो.

---

खडूफळा

करणारच. रविवारी संध्याकाळी सहा ते सात फोनवर. ताई, नंबर निरोपातून कळवा.